आ करण्यापूर्वी : रूट कॅनॉलच्या होतकरू पेशंटांसाठी

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. ज्यांच्या दोन-तीन दाढा आधीच होऊन गेल्या आहेत त्यांनी ते वाचलं नाही तरी चालेल. ही मंडळी वाचण्यापेक्षा सांगण्यात रमतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून, बोटाने गाल ओढून, आपल्या हातातला मठ्ठा संपायच्या आत ती पुरावाही दाखवतात. परवाच ज्यांच्या तोंडात डॉक्टरांनी आरसा फिरवला, 'हं' असा उद्गार काढला आणि कार्डावर 'आरसीटी' (म्हणजे रूट कॅनॉल ट्रीटमेंट) एवढी तीन अक्षरं लिहिली, त्यांनी मात्र पुढचं लक्ष देऊन वाचावं.

पात्रतेच्या अटी साध्या आहेत. एक दुखरी दाढ, दोन बोटं मावतील एवढा आ, आणि पाऊण तास न बोलण्याची तयारी. तिसऱ्या अटीवर बरेच उमेदवार गळतात.

दुखण्याचा अभ्यास

या विषयाची तयारी खुर्चीत बसल्यावर सुरू होते असं अनेकांना वाटतं. ती बरीच आधी, माठातल्या पाण्यापासून सुरू होते. थंड घोट दाढेला लागला की एक सणक जाते आणि घोट गिळेपर्यंत विरते. दाताच्या वरच्या कठीण कवचाला, म्हणजे एनॅमलला, कीड लागून खड्डा खालच्या डेंटिनपर्यंत पोचल्याची ही खूण. डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्या थेट पल्पला जाऊन भिडतात. पल्प हा दाताच्या पोटातला मऊ भाग. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात, आणि दवाखान्यात सगळेच त्याला सरसकट 'नस' म्हणतात. या टप्प्यावर पल्प फक्त चिडलेला असतो. खड्डा साफ करून भरून घेतला तर तो निवतो आणि पुढचा सगळा अभ्यासक्रम टळतो. म्हणून होतकरू पेशंटाने इथे डॉक्टरकडे जायचं नसतं. त्याने दुसऱ्या बाजूने चावायला लागायचं असतं.

दुसरा टप्पा चहाचा. आता गरम लागलं तरी ठणका उठतो, आणि कप खाली ठेवल्यावरही दहा-पंधरा मिनिटं राहतो. मग तो काही न लागताच उठायला लागतो आणि रात्रीची वेळ पसंत करतो. यात दैवी काही नाही. सुजलेला पल्प चारी बाजूंनी कठीण डेंटिनमध्ये कोंडलेला असतो, त्याला फुगायला जागा नसते. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि त्या एवढ्याशा पोकळीतला ताण असह्य होतो. दोन उशा घेऊन, अर्धवट बसून झोपल्यावर थोडा उतार पडतो तो यामुळे. दिवसभर आपण कामात असतो, रात्री दोन वाजता मात्र आपण आणि दाढ असे दोघेच जागे असतो, हेही एक कारण आहेच.

याच वेळी स्वयंपाकघरात शोधाशोध होते. लवंग धरायला हरकत नाही. लवंगेतल्या युजेनॉलने नस थोडी बधिर होते, आणि दंतवैद्यसुद्धा झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट करत आले आहेत. दवाखान्यात शिरल्याशिरल्या आजीच्या डब्यासारखा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा त्याचा. मात्र अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून हिरडीवर ठेवू नये. त्याने दाढ थांबत नाही, हिरडी भाजते, आणि सकाळी डॉक्टरांना दोन आजार दाखवावे लागतात. कापूर, तंबाखू, मिश्री, पेट्रोलचा बोळा यांबद्दल इथे काही लिहीत नाही. ज्यांना ते करायचं असतं ते विचारून करत नाहीत.

नेमकी कुठली दाढ दुखते हे सांगता येत नसेल तर लाजू नये. पल्पमधल्या नसांना दुखणं कळतं, जागा कळत नाही. खालच्या दाढेचा ठणका वरच्या दाढेत, कानात, कानशिलात जाणवू शकतो. डावी-उजवीची गल्लत मात्र सहसा होत नाही. म्हणून 'हीच, हीच दुखतीय' असं पेशंटाने ठासून सांगितलं तरी शहाणे डॉक्टर आरशाच्या दांड्याने शेजारच्या चार दाढांवर टकटक करतात, गार फवारा मारलेला कापूस एकेका दातावर टेकवतात आणि एक्स-रे काढतात. आपण दाखवलेली दाढ निर्दोष निघाली तर तिची माफी मागण्याची पद्धत नाही.

पुढे काही जणांच्या बाबतीत एक विचित्र प्रकार घडतो: गरमाने दुखतं पण गाराने बरं वाटतं. असा माणूस बर्फाच्या पाण्याची बाटली घेऊनच वेटिंग रूममध्ये येतो आणि दर दोन मिनिटांनी घोट तोंडात धरतो. त्याला बघितलं की नस आता जगत नाही हे डॉक्टर ओळखतात.

आणि मग एके दिवशी सकाळी दुखणं थांबतं.

नवशिक्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात धोक्याचा दिवस. तो खूश होतो आणि श्रेय वाटायला बसतो: थोडं होमिओपॅथीच्या गोळ्यांना, थोडं तिळाच्या तेलाच्या गुळण्यांना, उरलेलं सांगलीच्या मावशींना. अपॉइंटमेंट रद्द होते. खरं घडलेलं असतं ते असं, की नस मेलेली असते आणि मेलेली नस दुखत नाही. तिच्यावर पोसलेले जिवाणू मात्र मजेत असतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडाकडे वळतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दाढ चावताना उंच लागायला लागते, हिरडीवर पुटकुळी येते, ती फुटते, पू जातो, पुन्हा बरं वाटतं, पुन्हा अपॉइंटमेंट रद्द.

रूट कॅनॉलच्या विषयात लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती हीच: दुखायचं थांबलं याला काही किंमत नाही. हा धडा पुढे आणखी दोनदा येणार आहे, आणि दोन्ही वेळा आपण तो विसरणार आहोत.

मध्येच एक वाक्य चेष्टा सोडून. गाल किंवा हनुवटीखालचा भाग सुजत चालला असेल, ताप असेल, तोंड उघडेनासं झालं असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून त्याच घटकेला रुग्णालय गाठावं.

सल्लागार मंडळ

आरसीटी ठरल्याची बातमी घरात फुटली की सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होतं. त्याला कोरम लागत नाही.

पहिला सभासद म्हणतो, 'काढून टाक. नसती कटकट.' त्याची बत्तिशी पाहून घ्यावी; तिथे रिकाम्या जागा बऱ्याच दिसतील. दाढ काढली की शेजारच्या दाढा त्या जागेत कलंडतात, समोरची दाढ हळूहळू लांब होते, आणि काही वर्षांनी ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च समोर येतो. काढणं स्वस्त असतं ते त्या दिवसापुरतं. काही दाढा खरोखर वाचवण्यापलीकडे असतात आणि त्या काढाव्याच लागतात, पण तो निर्णय एक्स-रे बघून घ्यायचा असतो.

दुसऱ्या सभासद म्हणजे आत्या. त्या घाबऱ्या होऊन सांगतात, 'वरची दाढ आहे ना? हात लावू देऊ नकोस, डोळ्याला धक्का बसतो.' वरच्या दातांना जाणाऱ्या नसा चेहऱ्याच्या संवेदनेच्या, ट्रायजेमिनल नावाच्या नसेच्या फांद्या आहेत. दृष्टीची नस वेगळी, तिचा रस्ता वेगळा. आत्यांना हे सांगू नये. त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांना दाढ काढल्यानंतर तीन वर्षांनी मोतीबिंदू झालेला असतो आणि त्यापुढे शरीरशास्त्राचं काही चालत नाही.

तिसरा सभासद गावाकडचा. तो रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायला सांगतो; धुरीने दाढेतले किडे पटापट खाली पडतात आणि ते त्याने स्वतः पाहिलेले असतात. दाताला अळी लागते ही समजूत बाबिलोनइतकी जुनी आहे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ती नाकारली, पण तो ग्रंथ अजून आपल्याकडच्या सगळ्या आठवडी बाजारांत पोचायचा आहे. दाढ किडते ती जिवाणूंनी. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. धुरीला घाबरून ते खाली उड्या मारत नाहीत.

चौथा सभासद मोबाइलवर असतो. 'रूट कॅनॉलमुळे हृदयविकार होतो, कर्करोग होतो, पुढे पाठवा.' या निरोपामागे शंभर वर्षांची थकबाकी आहे. विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९१० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून दंतवैद्यांच्या कामावर कोरडे ओढले: दातातला दडलेला संसर्ग शरीरभर रोग पसरवतो असं त्यांचं म्हणणं. त्या वेळच्या घाणेरड्या कामापुरतं त्यात तथ्य होतंही. पण मग त्याचा सिद्धान्त झाला, अमेरिकेत वेस्टन प्राइस यांनी तो उचलून धरला, आणि सांधे दुखले तरी, डोकं फिरलं तरी माणसांचे धडधाकट दात उपटले जाऊ लागले. दात गेले, सांधेदुखी राहिली. पुढच्या संशोधनात तो सिद्धान्त टिकला नाही. फॉरवर्डमध्ये अजून टिकून आहे.

पाचवा सभासद केमिस्टच्या काउंटरपलीकडे उभा असतो आणि पाच दिवसांचा अँटिबायोटिक देतो. सूज-ताप असताना अँटिबायोटिकचं काम असतं, डॉक्टर तेव्हा तो देतातच. पण नुसत्या नसेच्या ठणक्यावर त्याचा उपयोग होत नाही. आणि नस मेलेली असेल तर तिथे रक्तपुरवठाच राहिलेला नसतो, औषध पोचणार कशातून? पाच दिवसांनी दुखणं कमी झालं तर ते बहुधा नस मेल्यामुळे. म्हणजे पुन्हा तेच.

तोंड मिटलेलं असताना विचारायचे प्रश्न

बोलता येण्याची ही शेवटची संधी आहे, ती भिशीच्या गप्पांत घालवू नये.

दाढ कुठली, हे विचारावं. डॉक्टर साहाय्यकाला 'थ्री सिक्स' असं काहीतरी म्हणतात. छत्तीसचा आकडा ऐकून मनात भलतं आणू नये. तोंडाचे चार भाग पाडलेले असतात, पहिला अंक भागाचा आणि दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा. तीन-सहा म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. हिची कहाणी करुण आहे. मूल साधारण सहा वर्षांचं असताना, एकही दुधाची दाढ न पाडता, मागच्या मागे ही उगवते. घरच्यांना वाटतं हीपण दुधाचीच, पडेल आणि दुसरी येईल. तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि ती तर जन्मभरासाठी आलेली असते. रूट कॅनॉलच्या खुर्चीत जाणाऱ्या दाढांमध्ये ती नेहमी आघाडीवर असते यात नवल नाही. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन बघा.

कॅनॉल, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळ्या, किती, हे विचारावं. पुढच्या दाताला बहुधा एक असतो, खालच्या पहिल्या दाढेला साधारणपणे तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथा कॅनॉल असतो आणि तो लपून बसतो. तो सापडला नाही तर आत घाण राहते, आणि दोन वर्षांनी आपण 'आरसीटी करूनही दुखतंय' म्हणत दारात उभे राहतो. काम बीडीएस डॉक्टर करणार की एंडोडोंटिक्समध्ये एमडीएस केलेले, हेही विचारायला हरकत नाही. साध्या दाढेला कोणीही नीट हात असलेला चालतो. वाकड्या मुळाच्या किंवा दुसऱ्यांदा करायच्या दाढेला तज्ज्ञ बरा.

रबर डॅम लावणार का, हेही विचारा. हा निळा किंवा हिरवा रबरी पडदा असतो; त्याच्या भोकातून फक्त ती एक दाढ वर येते आणि बाकीचं तोंड झाकलं जातं. लाळ दाढेत जात नाही, औषध आणि हत्यारं घशात जात नाहीत. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी तो १८६४ साली वापरात आणला. एवढ्या वर्षांनंतरही 'पेशंटला गुदमरल्यासारखं होतं' म्हणून तो कपाटात ठेवणारे दवाखाने आहेत. पेशंटाने मागितला तर बहुतेक ठिकाणी निघतो.

खर्च विचारताना 'कॅप धरून किती?' असंच विचारावं. 'रूट कॅनॉलचे किती' असं विचारणारा माणूस अर्धंच उत्तर घेऊन घरी जातो आणि नंतर फसवणूक झाल्याचं गावभर सांगतो. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचा साधा उपचार बसत नाही, हे हप्ता भरताना कोणी वाचत नाही. ऐपतीचा प्रश्न असेल तर मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायरचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारी मुलं-मुली प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे कमी लागतात, वेळ जास्त लागतो. प्रत्येक पायरीवर कोणीतरी येऊन तपासतं, ही सोय खाजगीत पैसे देऊनही मिळत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी, बीपी, मधुमेह, गरोदरपण, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, हे सगळं आधी सांगा. जेवून जा. उपाशीपोटी जाऊन चक्कर आणायची आणि दोष इंजेक्शनला द्यायचा ही जुनी रीत आहे.

भूल

'मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं डॉक्टर म्हणतात. मुंगीची जात सांगत नाहीत.

तरी तक्रारीला फार जागा नाही. १८८४ पूर्वी तोंडात तेवढ्यापुरती भूल देण्याची सोयच नव्हती. त्या वर्षी व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरलं आणि लवकरच ते दंतवैद्यांच्या सुईत आलं. त्याचे धोके उघड झाल्यावर १९०५ मध्ये नोव्होकेन आलं, आणि आज आपल्याला टोचतात ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेन यांनी तयार केलं. त्यात बहुधा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे टोचल्यावर मिनिटभर छातीत धडधड होऊ शकते. हार्ट अ‍ॅटॅक आल्याचं जाहीर करण्याआधी मिनिटभर थांबावं.

खालच्या दाढेला दिलेल्या इंजेक्शनने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ नाहीशी होते. फार सुजलेली नस कधी कधी भुलीला दाद देत नाही, आणि ओठ बधिर असूनही दाढ जागी राहते. अशा वेळी दातओठ खात सहन करू नये (दातओठ खायला तोंड मोकळंही नसतं). डावा हात वर करावा. डॉक्टर आणखी भूल देऊ शकतात, थेट नसेतही देऊ शकतात. सहनशक्तीचे गुण वेगळे मिळत नाहीत.

साहित्य आणि कृती

दाढेच्या माथ्यावर छिद्र पाडून आतली पोकळी उघडतात. ड्रिलचा आवाज कवटीतून ऐकू येतो म्हणून तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. मग येतात फाइली. या बारीक, दातेरी सुया. मुठीवर रंग असतात आणि रंगांना अर्थ असतो. पांढरी पंधरा नंबरची, तिचं टोक मिलिमीटरच्या पंधरा शतांश जाडीचं. पिवळी वीस, लाल पंचवीस, निळी तीस. 'रेड दे', 'ब्लू दे' हा संवाद ऐकून आत काही पेटल्याची शंका घेऊ नये. असलं पहिलं हत्यार एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ साली घड्याळाच्या स्प्रिंगपासून घासून केलं होतं. आता निकेल-टायटॅनियमच्या फाइली मशीनवर फिरतात आणि वाकड्या मुळातही वळतात.

फाइल कुठे थांबवायची हा खरा प्रश्न. दाढेची माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंतची लांबी जेमतेम वीस मिलिमीटर, आणि त्यातला एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी बिघडतं. कमी गेली तर घाण राहते, जास्त गेली तर हाडाला टोचते. त्यासाठी आपल्या ओठाला एक वाकडी तार अडकवतात आणि फाइल एका छोट्या यंत्राला जोडतात. टोक जवळ येईल तसं ते यंत्र गाडी मागे घेताना वाजतं तसं वाजायला लागतं: आधी सावकाश, मग घाईने, मग सलग. नवशिक्यांना इथे भिंतीवर आपटणार अशी भीती वाटते. जोडीला एक्स-रे असतोच. दातांचा पहिला एक्स-रे जर्मनीतल्या ओटो वाल्कहोफ यांनी जानेवारी १८९६ मध्ये स्वतःच्या तोंडाचा काढला. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं न हलता पडून होते. आपल्याला तो छोटा सेन्सर अर्धा मिनिट धरायचा तर उमासे येतात.

प्रत्येक फाइलनंतर आत पाणी मारतात. ते पाणी नसतं. पोहण्याच्या तलावासारखा वास आला की समजावं, सोडियम हायपोक्लोराइट. कपडे शुभ्र करायच्या ब्लीचमध्ये असतं तेच. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुवायला ते पातळ करून वापरत. नसेचे उरलेसुरले धागे ते विरघळवतं आणि जिवाणू मारतं. खरं काम हे पाणीच करतं, फाइल त्याला वाट करून देते. जिभेवर थेंब पडला आणि चव कडू लागली तर हात वर करा; रबर डॅम असता तर पडला नसता, हा विचार मनातच ठेवा.

या सगळ्या वेळात संभाषण चालू ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरांनी घेतलेली असते. 'मग, मुलगी काय करते तुमची?' 'आँ-ई-आ.' 'अरे वा, इंजिनिअर! कुठे?' 'ऊ-ए.' 'पुण्यात? छान.' वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांना स्वरांवरून व्यंजनं कळतात. नवशिक्याने फक्त स्वर स्पष्ट काढावेत. मुलगी बंगळुरात असेल तर सोडून द्यावं, पुण्यातच राहू द्यावी.

दुसरा धडा

एका बैठकीत काम संपलं तर उत्तम. संसर्ग जास्त असेल तर आत औषध भरून आठवड्याभराने बोलावतात. ते औषध म्हणजे बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अर्थात पानाला लावतो तो चुना. जर्मनीत हेर्मान यांनी १९२० साली तो दातांच्या उपचारात आणला. पानवाल्याकडून आणून घरी भरण्याचा विचार ज्यांच्या मनात आला असेल त्यांच्यासाठी सांगतो: दवाखान्यातला चुना शुद्ध आणि निर्जंतुक असतो, आणि तो भरण्यापूर्वी आतली जागा साफ केलेली असते. वरून तात्पुरतं सिमेंट लावतात.

भूल उतरायला दोन-चार तास लागतात, तोवर जेवू नये. आपलाच गाल चावला जातो आणि कळत नाही. दोन-तीन दिवस चावताना दुखरं लागतं, दिलेल्या गोळ्या घ्याव्यात. मग दुखायचं थांबतं, आणि नवशिक्या दुसऱ्यांदा सुटतो. ऑफिसात ऑडिट असतं, घरी पाहुणे, मग पितृपक्ष, मग दिवाळी. तात्पुरतं सिमेंट नावाप्रमाणे वागतं आणि झिरपायला लागतं. लाळ आत जाते, जिवाणू परततात, आणि केलेलं सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. त्याचे पैसेही पहिल्यापासून.

नीट वेळेवर गेलात तर कॅनॉल कायमचे भरले जातात, गटापर्चाच्या गुलाबी काड्यांनी. गटापर्चा हा मलाया-इंडोनेशियाकडच्या झाडाचा चीक. समुद्राखालच्या तारांवर पाणी लागू नये म्हणून त्याचा थर देत. १८७० साली मुंबईहून एडनकडे टाकलेली तार याच चिकाने मढवलेली होती. लंडनचे निरोप ज्याने कोरडे ठेवले तेच आता तुमच्या दाढेत पाणी शिरू देत नाही. शेवटच्या एक्स-रेत मुळाच्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघा दिसल्या पाहिजेत. डॉक्टरांना तो दाखवायला सांगा आणि एक प्रत मागून घ्या. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर ती तुमच्या स्मरणशक्तीपेक्षा उपयोगी पडते.

कॅप

इथे नवशिक्या तिसऱ्यांदा आणि शेवटचा सुटतो. नस गेली, दुखणं गेलं, खड्डा भरला. आता वर टोपी कशाला? दागिना आहे का?

कीड, मग छिद्र, मग सफाई यांत दाढेचं आतलं पुष्कळ द्रव्य गेलेलं असतं. उरतात त्या चार पातळ भिंती, आणि पहिल्या मोठ्या दाढेवर चावण्याचा मोठा भार येतो. वरून कॅप घातली की भिंती एकत्र धरल्या जातात. नाही घातली तर दाढ काही महिने, कधी काही वर्षं निमूट चालते आणि मग लोणावळ्याच्या चिक्कीवर, डिंकाच्या लाडवावर, नाहीतर वरणभातातल्या एका खड्यावर उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की ती दाढ कुणालाही वाचवता येत नाही. सल्लागार मंडळाचा पहिला सभासद तेव्हा हजर असतो. 'मी तेव्हाच म्हटलं होतं, काढून टाक.' आणि त्या दिवशी त्याचं खरं ठरतं.

धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली, झिर्कोनियाची, असे प्रकार आहेत आणि त्यांच्या किमतीत बरंच अंतर आहे. मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम चालते. दिसण्याचा आग्रह धरून महाग घ्यायची ऐपत नाही म्हणून वर्षभर काहीच न बसवणं हा मात्र तोट्याचा सौदा. पुढच्या दातांचं गणित वेगळं असतं, त्यांना दर वेळी कॅप लागतेच असं नाही. ते डॉक्टरांना विचारा. कॅप बसवल्यावर ती उंच लागत असेल तर 'होईल सवय' म्हणून घरी येऊ नका, तिथल्या तिथे घासून घ्या. आणि कॅपच्या कडेला कीड पुन्हा लागू शकते, तेव्हा ब्रशला निवृत्ती देऊ नका.

तुमच्या तोंडात आरसीटी झालेली आणि कॅप न बसलेली दाढ असेल, आणि ती मुळीच दुखत नसेल, तर आजच दवाखान्यात फोन करून तारीख घ्या. दुपारी बहुतेक दवाखाने बंद असतात, पाचनंतर करा.